विहिरीकडचं रान ज्वारीला ठेवा

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा बाबा फोनवर म्हणाले, ‘यंदा ज्वारी नाही, सोयाबीन निघालं की सगळीकडं हरभरा.’ तेव्हा मी गप्प बसले, कारण फोनवर आपलं बोलणं लगेच भांडणावर जातं. म्हणून लिहिते.

बाबा, तुमचा हिशोब चुकीचा नाही. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरीतच भाव जातो, आणि पाखरं राखायला आता कोण बसणार? हरभरा मशीनमधून काढला की मोकळं. पण जे पिकतं त्यातलं आपण खातो किती? सोयाबीन जातं तेलाच्या मिलला, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्याला. ज्वारीचं कणीस आपल्याला, कडबा गुरांना, धसकटं चुलीला. दोन म्हशी नुसत्या भुसकटावर उन्हाळा काढतील का? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, कडबा घेऊन कुठली रेल्वे आली नाही. तेव्हा पेंढी काय भावानं घेतली ते आईला विचारा, तिला पाठ असेल.

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, काळ्या रानातल्या ओलीवर नि थंडीवर येणारं पीक. मुळं चार-पाच फूट खाली जाऊन ओल ओढतात. आपल्यासारख्या कोरडवाहू रानाला याच्याइतकं बिनतक्रार पीक दुसरं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आणि येळवस, आपली रानात पूजा करून जेवायची वेळ अमावस्या? कडबा नसेल तर पूजेची कोप कशाची घालणार, आंबिलाला पीठ दुकानातून आणणार? मागं एकदा वाचलं तेव्हापासून मला येळवसच्या मिसळभाजीचं, आईच्या भज्जीचं पातेलं वेगळंच दिसतं. तूर तेवढी आपल्या देशातली. हरभरा तुर्कस्तानाकडचा, चिंच आफ्रिकेची, मिरची नि शेंगदाणे अमेरिकेतून आलेले. आंबिलाची ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेचीच. कुठल्या कुठल्या बायामाणसांनी हजारो वर्षं बी राखलं, म्हणून ते पातेलं आपल्या बांधावर येतं. आपल्या कणगीतलं बी मात्र आपल्याच हातानं संपायला आलंय, याचं मला वाईट वाटतं.

सगळं रान मागत नाही. मूग निघालेलं विहिरीकडचं अर्धा एकर मोकळंच आहे, तेवढं ज्वारीला द्या. घरचं बी उरलं असेल तर तेच पेरा, नसेल तर मालदांडी घ्या, नाहीतर परभणीच्या विद्यापीठाचं ‘परभणी मोती’. हस्त नक्षत्र निघून जायच्या आत पेरणी झाली पाहिजे. काढणीची मजुरी मी देणार, त्यावर वाद नको. पाखरांनी खाल्लं ते खाल्लं.

आई, येळवसला मी सुट्टी टाकलीये. या वेळी उंडे मी करणार आहे, बिघडले तर म्हशींना घाल. बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथून पाठवते.

तुमची लेक