घड्याळांच्या जुन्या जाहिराती रद्दीत नकोत

संपादक महोदय,

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने मनगटी घड्याळ ही नुसती गरजेची वस्तू न ठेवता मिरवण्याची आणि भेट देण्याची वस्तू केली, हे तिच्या सुरुवातीच्या जाहिरातींवरून जितके कळते तितके खुद्द घड्याळांवरूनही कळत नाही. त्या जाहिरातींतली, पाश्चात्य संगीतकार मोझार्टच्या २५व्या सिंफनीची धून अनेकांच्या कानांत आहे. छापील कागद मात्र रद्दीत जातो. नवी पेठेतून मला मिळालेल्या एका पत्रकावर पेन्सिलीने भाव लिहिलेले असून मागे दुकानाचा जांभळा शिक्का आहे, आणि संग्राहकाला मोल त्या शिक्क्याचेच. म्हणून जाहिरात कापून न ठेवता तारखेसह अख्खे पान जपावे, लॅमिनेशन (तो तर कागदाचा छळच!) टाळावे. हिराचंद नेमचंद वाचनालयाने अशा कागदांसाठी एखादे कपाट राखावे, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर