कॉन्फिगरेशन फाइलींनाही जाणता एडिटर हवा

महोदय,

वेब फ्रेमवर्कमध्ये (वेब अ‍ॅप्लिकेशन बनवण्याच्या तयार सांगाड्यात) काम करणाऱ्यांचे कित्येक तास मूळ कोडपेक्षा कॉन्फिगरेशन फाइलींतील, म्हणजे सेटिंग्ज लिहिलेल्या फाइलींतील, बारीक चुका शोधण्यात जातात. यॅमल या अशा फाइली लिहिण्याच्या पद्धतीत ओळीच्या सुरुवातीची जागा टॅबने सोडलेली चालत नाही, हे निदान लगेच कळते. पण ‘स्प्रिंग बूट’ या जावा फ्रेमवर्कच्या फाइलीत ‘पोर्ट’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले, तर अ‍ॅप्लिकेशन कोणतीही तक्रार न करता नेहमीच्या ८०८० पोर्टवरच (संपर्कासाठीच्या क्रमांकावरच) सुरू होते आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. स्कीमा, म्हणजे फाइलीत कोणत्या सेटिंग्ज चालतात याचा आराखडा, ओळखणारा एडिटर हीच चूक टाइप करतानाच अधोरेखित करतो. २०१६ साली जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे, म्हणजे एडिटर आणि चुका तपासणारा प्रोग्रॅम यांच्यातील संवादाच्या सामाईक नियमांमुळे, ही सोय एकाच एडिटरपुरती राहिलेली नाही. म्हणूनच प्रत्येक फ्रेमवर्कने आपला स्कीमा दर आवृत्तीबरोबर प्रसिद्ध करावा, ही कळकळीची विनंती.

— एक वेब प्रोग्रॅमर