सोनूच्या गाडीच्या चाकांबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडीला घालायच्या म्हणतेस त्या अलॉय रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या मिश्रधातूच्या चकतीचा, फोटो पाहिला. काळी, सतरा इंची, दिसायला झकास आहे. पण तू भर पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येतेस, म्हणून दुकानात आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाच.

तुझ्या स्विफ्टला कंपनीचा टायर १८५/६५ आर १५ आहे. १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर साइडवॉल (टायरची रिमपासून रस्त्यापर्यंतची उभी बाजू), आणि १५ इंचांची रिम. सगळं धरून चाक सुमारे ६२१ मिलिमीटर उंच. हा आकडा फार हलू द्यायचा नाही, नाहीतर स्पीडोमीटर खोटं दाखवतो आणि टायर मडगार्डला घासतो. १९५/५५ आर १६ घेतलास तर उंची जवळजवळ तेवढीच राहते. २०५/४५ आर १७ ची ६१६ होते, म्हणून दुकानदार "बसतंय की" म्हणेल. बसेल, पण साइडवॉल उरते ९२ मिलिमीटर. खड्ड्यात चाक आदळलं की धक्का आधी ती झेलते. तिची उंची कमी झाली की मार थेट रिमवर. रिम वाकते, टायरला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर फेकूनच द्यावा लागतो. रात्री घाटात तुझ्यावर ही वेळ आलेली मला चालणार नाही. सोळाच्या पुढे जाऊ नकोस.

आता रिम. स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १०० आहे, म्हणजे चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. बाजारात १०० आणि १०८ दोन्हींना चालणाऱ्या आठ भोकांच्या रिमही मिळतात. मी चार भोकांचीच घेईन. रिमचं मधलं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, ५४.१ मिलिमीटरवर, घट्ट बसायला हवं. मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग मागून घे, नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट, म्हणजे रिमचा हबला टेकणारा भाग तिच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर सरकलेला आहे तो आकडा, रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी' म्हणून कोरलेला असतो. रुंदी तीच ठेवून तो १० ने कमी घेतलास तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं. ऐटबाज दिसतं खरं, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि मागे तिघं बसले की घासायला लागतं. कंपनीच्या आकड्याजवळच राहा.

टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मात्र कुणी बघत नाही. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. १९५/५५ आर १६ मध्ये ८७ आणि ९१ दोन्ही येतात. तुझ्या जुन्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली उतरायचं नाही, म्हणून ९१ माग. आयएसआय मार्क बघ आणि टायर कधी बनला ते कळायला त्याच्या बाजूवरच्या 'डॉट' कोडचे शेवटचे चार आकडे वाच: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ. पन्नासेक किलोमीटर चालवलीस की नट पुन्हा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, तपासून घे. विमा कंपनीला बदल लेखी कळव. आणि जुने नट टाकून देऊ नकोस, स्टेपनीची रिम लोखंडी आहे, तिला अलॉयचे नट बसतीलच असं नाही. डिकीत पिशवीत बांधून ठेव.

तुझा,
बाबा