वर्षाताई, परीक्षा घेतलीत आणि ती गावातच घेतलीत, त्याबद्दल

मा. वर्षाताई गायकवाड यांना,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आपली ओळख नाही आणि कुठल्या पक्षाशी माझा संबंधही नाही. तुम्ही शालेय शिक्षणमंत्री असताना २०२२ ची दहावीची परीक्षा ज्या तऱ्हेने पार पाडलीत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. त्या बॅचच्या आमच्या मुली आता आपापल्या वाटेला लागल्या आहेत. त्यांतल्या काहींच्या वाटा त्या मार्चमध्येच बंद होऊ शकल्या असत्या.

३१ जानेवारी २०२२ चा दिवस तुम्हाला आठवत असेलच. धारावीत तुमच्या घराबाहेर शेकडो मुलं जमली होती. मागणी होती, परीक्षा ऑनलाइन घ्या, नाहीतर रद्द करा. ती दृश्यं टीव्हीवर पाहताना आम्हा शिक्षकांच्या पोटात गोळा आला होता. मुलांचा राग मला कळत होता. करोनामुळे दोन वर्षं शाळा धड भरली नव्हती आणि मनात भीती होती. पण आमच्याकडे ऑनलाइन परीक्षा म्हणजे काय झालं असतं? घरातला एकुलता एक फोन वडिलांच्या खिशात आणि वडील ऊसतोडीला, दोन-तीन जिल्हे पलीकडच्या कारखान्यावर. मुलगी गावात आजीपाशी. ती पेपर कशावर देणार होती?

त्या दिवसांत परीक्षा रद्द करून टाळ्या घेणं सोपं होतं. आदल्या वर्षीचा दाखलाही होता. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत परीक्षा रद्द करावीच लागली. नववीचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे गुण धरून निकाल लावला गेला. तो ९९.९५ टक्के लागला. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मी आजही मानते. परीक्षा रद्द झाल्यावर आठ दिवसांतच तुमचे वडील एकनाथराव गेले. घरात एवढा मोठा आघात झालेला असताना तुम्ही खात्याचं काम पुढे नेत होतात, याची जाणीव आम्हाला आहे. पण त्या निकालाने एक गोष्ट दाखवली. सगळेच पास झाले की जिने चिमणीच्या उजेडात अभ्यास केला, तिच्या हाती वेगळं काहीच लागत नाही. शहरातल्या मुलांकडे क्लास असतात, ओळखी असतात, फीचे पैसे असतात. आमच्या मुलांकडे स्वतःला सिद्ध करायला बोर्डाचा पेपर असतो. तो त्यांच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतला गेला नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि नुसती ‘परीक्षा होणार म्हणजे होणार’ असं सांगून तुम्ही थांबला नाहीत. शाळा तिथे केंद्र किंवा उपकेंद्र हा निर्णय झाला. दहावीसाठी राज्यभर एकवीस हजारांहून जास्त केंद्रं झाली. मुंबईत बसून या आकड्याचं वजन कळेलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. तेव्हा एसटीचा संप चालू होता. ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिलपर्यंत चालला, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेचा सगळा काळ त्यात गेला. एरवी आमचं केंद्र तालुक्याला असतं. मुक्कामी गाडी सकाळी निघते, तिच्यात मुलं कोंबून बसतात आणि पेपर सुटल्यावर दुपारच्या गाडीची वाट पाहतात. संपात तीही सोय नव्हती. वडाप जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचं. मुलांचं एक वेळ भागतं. मुलींच्या बाबतीत आजी म्हणते, ‘एवढ्या लांब पोरीला कुणासंग धाडू? राहू दे यंदा.’ आणि आमच्याकडे ‘राहू दे यंदा’ म्हणजे वैशाखात लग्न. करोनाच्या त्या दोन वर्षांत अशी किती लग्नं पाहिली! हळद लागलेल्या मुलीला शाळेत परत आणणं फार अवघड असतं.

आमच्या शाळेत उपकेंद्र झालं. वर्गांत आम्हीच चुना मारला, बाकांवर बैठक क्रमांक चिकटवले, पाण्याचे जार आणून ठेवले. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं पोहोचवणारा रनर आला, तेव्हा फाटकात उभ्या असलेल्या बायका बघतच राहिल्या. बोर्डाची परीक्षा आपल्या गावात! १५ मार्चला मराठीचा पेपर होता. एक मुलगी आजीचा हात धरून चालत आली. आजी नळाजवळच्या लिंबाखाली बसली आणि पेपर सुटेपर्यंत तिथून हलली नाही. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, नात काय लिहिते आहे हे तिला कळणार नव्हतं. पण मुलगी कुठे आहे, ते तिला दिसत होतं. तेवढं तिला पुरेसं होतं.

जादा वेळेबद्दलही सांगायलाच हवं. ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. ही सवलत ज्यांना खिरापत वाटली, त्यांनी त्या वर्षीच्या मुलांच्या वह्या पाहिलेल्या नसाव्यात. लिहायची सवयच मोडली होती. सराव परीक्षेत बीजगणिताच्या पेपरला मुलं तिसऱ्या प्रश्नापर्यंत येईतो हात झटकत बसायची, पेन खाली ठेवून बोटं चोळायची. रीत येत होती, हात चालत नव्हता. त्या पंधरा मिनिटांत आमच्या वर्गातल्या कित्येकांचा शेवटचा प्रश्न पुरा झाला. अभ्यासक्रमातला पंचवीस टक्के भाग आधीच वगळलेला होता. राजकारणात येण्याआधी तुम्ही सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवत होतात, म्हणून असेल, पण हे निर्णय वर्गात उभं राहिलेल्या माणसाने घेतल्यासारखे वाटले.

आता कॉपीबद्दल. आपल्याच शाळेत केंद्र म्हणजे कॉपीला मोकळं रान, अशी टीका झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. परीक्षा सुरू असतानाच तुम्ही जाहीर केलंत, की ज्या शाळेत गैरप्रकार होतील त्या शाळेची मान्यता काढून घेतली जाईल. त्या एका वाक्याने आम्हाला बळ दिलं. तोवर चिठ्ठ्या पुरवणाऱ्या भावाला किंवा चुलत्याला आम्ही हटकलं, की ‘मॅडम, आपलीच पोरं हायेत’ असं ऐकावं लागायचं. त्यानंतर मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून सरळ सांगितलं, शाळा गेली तर धाकट्यांनी कुठं जायचं? दुसऱ्या पेपरपासून मागच्या भिंतीवर गावातली चार जाणती माणसं स्वतःहून उभी राहिली. भरारी पथक दर पेपरला येऊ शकत नाही, पण गाव रोज तिथेच असतं. सगळीकडे असंच झालं असेल, असा माझा दावा नाही. आमच्याकडे झालं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. २०२० मध्ये, सगळं बंद असताना, युनिसेफच्या मदतीने नववी ते बारावीच्या मुलांसाठी महाकरिअर पोर्टल सुरू झालं. दहावी-बारावीनंतर डीएड, नर्सिंग आणि पोलीस भरती एवढंच आमच्या मुलांना ठाऊक असतं. शाळेच्या एकाच संगणकावर सरल आयडी, म्हणजे सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक, टाकून त्यांनी अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्त्या शोधल्या. नेट चाललं तेव्हा चाललं, पण एका मुलाने त्यातूनच आयटीआयचा असा ट्रेड शोधला, ज्याचं नाव मलाही माहीत नव्हतं.

लिंबाखाली बसलेल्या त्या आजीची नात बारावी झाली आणि आता नर्सिंगला आहे. तिचं लग्न अजून झालेलं नाही, हे मुद्दाम सांगते.

तुम्ही आता लोकसभेत आहात. परीक्षांमधले गैरप्रकार हा तिथेही चर्चेचा विषय असतो. पेपरफुटीवर कडक कायदे हवेतच. पण त्या चर्चेत केंद्रापर्यंतच्या अंतराचाही प्रश्न कुणीतरी मांडायला हवा आणि तो तुम्ही मांडावा, अशी विनंती आहे. दूरच्या गावांत, निदान जिथे सकाळची एसटी जात नाही तिथे, उपकेंद्र कायम राहिलं तर आमच्या मुली पेपरला पोहोचतील.

आपली,
डोंगरपट्ट्यातली एक शिक्षिका