पंधरा रुपयांचा उतारा

सांगली, विश्रामबाग

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे दरपत्रक मिळाले. जमिनीच्या नोंदी एकत्र करून देणारी तुझी सेवा पुढच्या महिन्यात सुरू होते आहे, याचा आनंद आहेच. पण तीस वर्षे नोंदणी कार्यालयासमोर टेबल टाकून दस्त लिहिणाऱ्या बापाने दर वाचून गप्प बसावे, अशी अपेक्षा तूही केली नसशील.

एजंटांना महिना 999 रुपयांत हवे तितके अहवाल, असे तू लिहिले आहेस. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकार 15 रुपयांना देते. म्हणजे एखाद्याने महिन्यात 67 वा उतारा मागितला की तिथून पुढे तू पदरचे घालू लागलीस, आणि मिरज तालुक्यात फिरणारा एजंट एवढे गट क्रमांक आठवड्यात चाळतो. शिवाय सातबारा हा नुसता पहिला कागद. त्यामागे खातेदाराच्या सगळ्या जमिनी दाखवणारा आठ-अ, हक्क कसा बदलला त्याची नोंद म्हणजे फेरफार, नोंदलेल्या दस्तांची सूची दोन आणि गावठाणातली मिळकत असेल तर मालमत्ता पत्रक. बँक मालकीचा तीस वर्षांचा शोध मागते. नोंदणीचे संगणकीकरण मात्र 2002 च्या सुमारास सुरू झाले, त्याआधीचे खंड कुणीतरी बसून हाताने उलटावे लागतात. त्या माणसाचा रोज तुझ्या हिशेबात मला कुठे दिसला नाही.

आजवर तुला न सांगितलेली एक गोष्ट लिहितो. तू चौथीत असताना तासगावकडच्या एका द्राक्षबागेचा शोध मी 200 रुपयांत घेतला होता. शेजारच्या टेबलावर 250 चालू होते, म्हणून माझे 200. त्या दरात घर चालायचे तर दिवसाला तीन शोध उरकावे लागत. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे होती, इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, तो मी नीट टिपला. वारस नोंदीचा जुना फेरफार काढायचा मात्र कंटाळा केला. त्या फेरफारात बहिणीचेही नाव होते आणि पुढे उतारा नव्याने लिहिताना ते गळले होते. आठ महिन्यांनी घेणारे गृहस्थ कोर्टाचे समन्स माझ्या टेबलावर ठेवून काहीही न बोलता उभे राहिले. मी 200 रुपये परत केले. त्यांची सहा वर्षे तारखांत गेली.

चूक माझीच होती, दराला दोष देऊन मी सुटत नाही. पण 200 रुपयांत मी फेरफार काढायला थांबणार नव्हतो, हे दर ठरवतानाच ठरून गेले होते. महसूल अधिनियमाच्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढेच. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. गिऱ्हाईक तुझ्याकडे कागदासाठी येणार नाही, तो त्याला मोबाइलवर मिळतो. तो कागद कुणीतरी वाचून द्यावा म्हणून येईल.

तेव्हा उतारा जवळजवळ खरेदीच्या भावात दे आणि वाचनाचे पैसे वेगळे, गटागणिक घे. बँक आणि वकील ते देतील, कारण फेरफार सुटला तर त्यांचे किती जाते हे त्यांना माहीत असते. स्वतःचा एकच गट तपासणाऱ्या शेतकऱ्याला सवलत ठेव. प्रत्येक अहवालावर उतारा काढल्याची तारीख आणि वेळ छाप, कारण दुसऱ्या दिवशी त्यावर नवा बोजा चढू शकतो. पहिल्या शंभर जणांना फुकट देण्याचा बेतही सोड. आपल्याकडे हळदीच्या सौद्यात मूठभर नमुना हातावर ठेवतात, पोते कुणी उघडून देत नाही. तसा एका गटाचा तयार अहवाल दाखवायला ठेव, पुरे.

आपल्या हरिपूरच्या जमिनीचा अहवाल तुझ्या यंत्रणेतून काढून पाठव. मी जुन्या वहीशी ताडून पाहीन. सोबत बिलही पाठव, आणि घरचे म्हणून त्यात सूट धरू नकोस.

तुझे,
बाबा