फणसावरची तार काढायचं ठरवलंय

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, आम्ही सगळे बरे आहोत. हेच फोनवर सांगायला गेले की बाबा उठून मॉडेमपाशी जातात, फोन माजघरात राहतो, आई मधल्यामधे निरोप पोचवत बसते आणि शेवटी तिघंही चिडून फोन ठेवतो. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, चष्मा लावा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि स्वतःला न आवडणारे परिच्छेद गाळू नका. आईला कळतं.

मुद्दा आधी सांगून टाकते. घरी फायबरचं कनेक्शन नोंदवलंय. पैसे भरून झालेत. पुढच्या आठवड्यात माणसं येऊन केबल ओढतील, आणि ते चालू झालं की तांब्याची जुनी जोडणी बंद होईल. आधी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "बघू दिवाळीनंतर." अशा किती दिवाळ्या गेल्या ते आईला विचारा.

एवढी घाई का, तेही सांगते. मला कळलंय की भर पावसात कोणीतरी शिडी लावून फणसावर चढलं होतं, तारेचा जॉइंट हलवून बघायला. कोणी सांगितलं ते विचारू नका आणि त्यावरून आईला बोलू नका. पाणी झिरपतंय, शेवाळ धरलंय, पायात स्लीपर, आणि सकाळची बीपीची गोळी घेतलेली नाही! बाबा, तुमच्या हाताला अजून सगळं जमतं हे मला मान्य आहे. मागच्या पडवीचे कौल तुम्ही एकट्याने बदललेत. पण नानांच्या वेळचं आठवा. त्यापुढे मी काही लिहीत नाही.

आता तुमच्या वहीबद्दल. ती मी दिवाळीत घरी आले तेव्हा अख्खी वाचली. "नेट गेले ७.४०, आले ७.५२, पाऊस." "रिंग वाजली, दिवा मिचमिचला." इतकी नीट नोंद ठेवणारा माणूस त्या तक्रार केंद्रात एकही नसेल. आणि त्यातच एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय, "सौ. मावशीशी अर्धा तास बोलली. नंतर तासभर नेट उत्तम. कारण कळत नाही." आईने त्यावर "माझा पायगुण" असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. पण बाबा, खरं निदान त्या एका ओळीत आहे. तारेत कुठेतरी दोन टोकं पिळलेली आहेत आणि त्यांच्यावर गंज चढलाय. रिसीव्हर उचलला की तारेतून थोडा वीजप्रवाह वाहायला लागतो. तो त्या गंजातून वाट काढतो आणि जोड तात्पुरता सुधारतो. फोन ठेवला, थोडा वेळ गेला की पुन्हा पहिल्यासारखं. रिंग वाजताना नेट पडतं तेही त्याच खराब जोडामुळे, कारण रिंगसाठी एक्सचेंज त्या तारेवर बराच मोठा व्होल्टेज पाठवतं.

घरातलं सगळं आपण तपासून झालंय, हे तुमच्या समाधानासाठी पुन्हा लिहिते. अण्णांच्या खोलीतला समांतर फोन काढला, कारण त्याला स्प्लिटर, म्हणजे फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी, नव्हताच. सगळे फोन काढून, मॉडेम थेट बाहेरच्या पहिल्या रोझेटला, म्हणजे तार जोडायच्या डबीला, लावून बघितला. स्प्लिटर नवा आणला. मॉडेम लोखंडी कपाटामागून काढून उघड्यावर ठेवला. चिऱ्याच्या भिंतीतून वाय-फाय जात नाही ही तुमची शंका बरोबर होती, स्वयंपाकघरात आईचं भजन अडकतं ते त्यामुळेच. पण लॅपटॉपला सरळ केबल जोडूनही आकडा तोच आला. म्हणजे दोष वाय-फायचा नाही, मॉडेमचा नाही, आणि तुमचा तर नाहीच. रिसीव्हर कानाला लावून डायल टोनमागची खरखर मी स्वतः ऐकली. ती घरातली नाही, बाहेरून येते.

मॉडेमच्या पानावरचे दोन आकडे तुम्ही वहीत उतरवलेत आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. लाइन अटेन्युएशन ५२ डेसिबल म्हणजे एक्सचेंजपासून घरी येईपर्यंत सिग्नल किती क्षीण झाला त्याचं माप. आपली तार वळसे घेत साडेतीन किलोमीटर येते. आगरातल्या पाटाचं आठवा, शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी किती उरायचं? तसंच आहे हे. आपला आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो म्हणून बोलणं तेवढं नीट ऐकू येतं. इंटरनेट त्याच तारेवर, पण त्याच्या वरच्या पट्ट्यात चालतं, पार २२०० किलोहर्ट्झपर्यंत, आणि लांब तारेत वरच्या पट्ट्यातलं आधी मरतं. तांब्याच्या तारेवरून नेट देणाऱ्या या पद्धतीचा, एडीएसएल-टू-प्लसचा, कागदावरचा वेग २४ एमबीपीएस असतो, पण तो एक्सचेंजच्या शेजारी राहणाऱ्यांना. आपल्याला तीन मिळतात ते काही कोणी मुद्दाम कापून घेत नाही.

दुसरा आकडा नॉइज मार्जिन. तो ६ डेसिबलच्या आसपास किंवा वर असला तर लाइन टिकते. तुमच्या नोंदीत कोरड्या दिवशी ८ आहे आणि पावसात ३. म्हणून दिवा मिचमिचतो, मॉडेम सारखा नव्याने जुळणी करतो आणि दरवेळी थोडा कमी वेग पकडतो. बंद-चालू करून ते सुधारणार नाही. आई रोज संध्याकाळी दिव्याच्या वेळी मॉडेमचं बटण बंद करून चालू करते, ते आता सोडून दे गं.

हो, आणि बाबांचा जुना वाद. तीन एमबीपीएस म्हणजे सेकंदाला तीन एमबी नव्हे. पहिल्यातला 'बी' बिटचा, दुसऱ्यातला बाइटचा. आठाने भागायचं. सेकंदाला जेमतेम पावणेचारशे किलोबाइट हातात येतात, त्यातूनही थोडं वाहतुकीतच जातं. सरकारी व्याख्येप्रमाणे हे ब्रॉडबँडच आहे असं तुम्ही म्हणाल. आहेच. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, २०१३ मध्ये ५१२ केलं, २०२३ पासून २ एमबीपीएस. तुम्ही काठावर पास आहात. पण दहावीला मी काठावर पास झाले असते तर तुम्ही पेढे वाटले असते का?

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मी आजवर बोलले नाही. तुम्हाला मी स्पष्ट दिसते, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मला तुम्ही दिसत नाही. या जोडणीत घरून बाहेर जाणारा पट्टा अगदी चिंचोळा ठेवलेला असतो, त्यामुळे तुमच्याकडून येणारं चित्र गोठतं. आई "मी बरी आहे" म्हणते तेव्हा माझ्या पडद्यावर तिचा गेल्या मिनिटाचा चेहरा असतो. गेल्या खेपेला डॉक्टरांनी बाबांना पाय वर करून सूज दाखवायला सांगितली, आणि त्यांना चौकोन दिसले. त्यांनी अंदाजाने गोळी बदलली नाही, हे आपलं नशीब. मला इथे पुण्यात बसून तुमची सूज बघता आली पाहिजे, बाबा. एवढंच मागणं आहे. दर आठवड्याला येणं मला जमत नाही, आणि त्याचं काय वाटतं ते लिहायला लागले तर हे पत्र पुरं होणार नाही.

तुमचा आक्षेप मला पाठ आहे: लाइट गेले तरी लँडलाइन चालते. खरं आहे. एक्सचेंजमधल्या बॅटरीचे ४८ व्होल्ट तारेतून घरापर्यंत येतात म्हणून ती चालते. तौक्तेच्या वेळी मे २०२१ मध्ये मोबाइलला रेंज नव्हती, लाइट नव्हते, आणि तुमचा "आम्ही ठीक" एवढा एकच फोन त्या काळ्या फोनवरून आला होता. तो मी विसरलेले नाही. दादूने कॅनडातून मला रडत फोन केला होता, तेही नाही. फायबरमधून वीज येत नाही, प्रकाश येतो, म्हणून मॉडेमच्या जागी जो नवा डबा बसेल त्याला घरची वीज लागते. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पाठवलाय, वेगळ्या पार्सलात. तो डबा दहा-बारा वॅट खातो, तेव्हा यूपीएस संपला तर इन्व्हर्टरवरही आरामात चालेल. जुन्या तारेइतकं हे बिनधोक आहे असं मी म्हणणार नाही. वादळात केबल तुटली तर तुटली. पण आताची तार वादळाची वाटसुद्धा बघत नाही, श्रावणसरीत जाते. आणि ती जोडणारे जुने लाइनमन निवृत्त झाले, शेवटचा तुमच्याच ओटीवर चहा पिऊन निरोप घेऊन गेला.

नंबर तोच राहणार. आत्याला, गुरुजींना, कोणालाही नवीन नंबर कळवावा लागणार नाही. डब्यावर 'फोन' लिहिलेल्या खाचेत आपला बटणांचा फोन लावायचा, तोच आवाज, तेच विणलेलं झाकण. अण्णांच्या काळ्या फोनचं मात्र सांगून ठेवते. चकतीने फिरवलेले नंबर अशा बऱ्याच डब्यांना ओळखता येत नाहीत. आलेला फोन त्यावर घेता येईल, लावता बहुतेक येणार नाही. तो आहे तिथेच, कोनाड्यात राहू दे. माळ्यावर टाकायचा नाही. मला स्टुलावर उभं करून, बोट धरून त्या चकतीवर पहिला आकडा तुम्हीच फिरवायला लावला होतात बाबा, आणि पलीकडून नाना "कोण बोलतंय?" म्हणाले तर मी लाजून आईच्या पदरात शिरले होते. त्या फोनला हात लावायची माझी काय बिशाद.

आता ऐका. माणसं येतील तेव्हा शेजारच्या काकांना बोलावून घ्या, एकटे राहू नका. केबल ओटीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून आत घ्यायला सांगा. देवघराच्या भिंतीला भोक पाडू देऊ नका, ते म्हणतील तिथून जवळ पडतं. डबा माजघरात, मधोमध, उंचावर. मिक्सरचा प्लग त्यांना द्यायचा नाही, आईचं वाटप त्यावर आहे, वेगळा बोर्ड मी इलेक्ट्रिशियनला सांगितलाय, तो आदल्या दिवशी येईल. केबल घडी घालून खिळ्याला गुंडाळायची नाही. आत केसासारखी काच असते, कडक वळण दिलं तर प्रकाश गळतो. तिच्यावर टॉवेल, छत्री, पिशवी काहीही अडकवायचं नाही. (आई, हे तुझ्यासाठी.) हिरव्या टोकाचा प्लग पुसायला म्हणून काढायचा नाही, आणि काढलाच तर त्यात डोळा लावून बघायचं नाही. (बाबा, हे तुमच्यासाठी.) 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला तर केबल कुठेतरी तुटली किंवा मुडपली, एवढंच समजा आणि मला कळवा. शोधायला जायचं नाही. वळवाचा गडगडाट सुरू झाला की डब्याचा प्लग तरीही काढायचाच, काचेतून वीज येत नसली तरी बोर्डातून येते.

पैसे माझ्या खात्यातून दर महिन्याला आपोआप जातील. पेन्शनमधून काढून माझ्या हातात पाकीट ठेवायचा प्रकार यंदा नको. आईने पोह्यांच्या डब्यात ठेवलं तरी मला सापडतं. फार वाटलं तर आमसुलं पाठवा.

फणसावरून जी तार उतरवतील ती बाबांना हवी असेल तर मागून घ्या, तांबं आहे, देतील की नाही माहीत नाही. पण ती उतरवायला शिडीवर त्यांचा माणूस चढेल. तुम्ही खाली उभं राहून सूचना द्यायच्या, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

गोळी सकाळी, नाश्त्याच्या आधी. आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, यूपीएसच्या पार्सलात दोन बाटल्या घातल्यात. नेट चालू झालं की पहिला फोन मला, आत्याला नाही.

तुमची,
सोनू

ता. क. वही बंद करू नका. पहिला महिनाभर नव्या डब्याच्याही नोंदी ठेवा. काही बिघडलं तर त्या माणसांसमोर तीच उघडून धरायची आहे.