रोमच्या पोटात मराठीतून फिरवणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

जय ख्रिस्त, आणि माझ्या रीतीनं नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. पाऊस किती झाला, कांद्याला भाव काय, मास्तरांचा गुडघा कसा आहे. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांना थोडं सांगतो. २०२५ हे रोमचं जुबिली वर्ष होतं, म्हणजे कॅथलिकांचं दर पंचवीस वर्षांनी येणारं यात्रेचं वर्ष. गंगापूर-वैजापूर पट्ट्यातली काही ख्रिस्ती मंडळी त्या निमित्तानं यात्रेला निघाली. मी त्यांच्यातला नाही, वेरूळ-अजिंठ्याचा गाइड आहे. पण आमच्या मास्तरांनी गळ घातली, ‘तुला माणसं हाकायची सवय आहे, चल.’ सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात शेतंच्या शेतं खरडून नेली तेव्हा काही जणांनी नावं काढून घेतली. उरले ते पैसे भरून बसलेले, आणि ‘गेलं ते गेलं, देवाचं दार तरी पाहून येऊ’ म्हणणाऱ्या दोन आज्ज्या.

तिथं गेल्यावर कंपनीनं दिलेला माणूस झेंडी धरून पुढं पळायचा. कानात यंत्र, यंत्रात इंग्रजी, इंग्रजीत सनावळ्या. धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचा राग आला नाही. मोसमात तिसरी तुकडी आली की मीही कैलास लेणं तसंच उरकतो. पण आज्ज्यांच्या पदरात काही पडत नव्हतं. मोकळ्या दिवसांत तुम्ही आलात, साडीवर स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, आणि पहिलं वाक्य वैजापूरचं, ‘चालायचंय बरं का लई, चपला बघून घ्या.’

मी आल्यापासून हेच सांगत सुटलोय की तुम्ही कुठलीही जागा आधी सांगितली नाहीत. आधी बघायला लावलंत.

सांता पुदेन्झियानाचंच घ्या. रस्त्यावरून पायऱ्या उतरून देवळात जावं लागतं, कारण शहर वर चढत गेलं आणि देऊळ खाली राहिलं. आत वेदीच्या मागं अर्धगोल छतावर मोझाइक, चौथ्या शतकाच्या अखेरीचं किंवा पाचव्याच्या सुरुवातीचं. ख्रिस्त सिंहासनावर बसलेला, दोन्ही बाजूंना रोमन सरदारांसारखी वस्त्रं ल्यालेले प्रेषित, म्हणजे त्याचे पहिले शिष्य. आम्ही मोबाइल काढले तर तुम्ही म्हणालात, ‘आधी मोजा.’ मोजले. दहा भरले. आज्जी म्हणाली, ‘बारा पाहिजेत की.’ मास्तरांनी पुन्हा मोजले, दहाच. मग तुम्ही सांगितलंत की सोळाव्या शतकात दुरुस्ती करताना कडा छाटल्या आणि दोघं गेले. मी तीस वर्षं जुनं झालेलं वाक्य म्हणतो तसं कुणी ‘नूतनीकरणात या चित्राची हानी झाली’ असं म्हटलं असतं, तर बसमध्ये चढेपर्यंत कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. आज्जी मात्र गावात अजून सांगते, ‘दोघांना कापलं मेल्यांनी.’

सांता प्रासेदे या चर्चमध्ये तुमच्या पिशवीतली चिल्लर कामाला आली. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळानं आपोआप विझतो. झेनोच्या त्या इवल्या चॅपलमध्ये सोनं एकदम पेटलं, आणि एका बाईच्या डोक्यामागं गोल प्रभावळीऐवजी चौकोन. तुम्ही विचारलंत, हिलाच का चौकोन? कुणी म्हणालं जागा कमी पडली असेल, कुणी म्हणालं मोठ्या घरची असेल. दुसरं अर्धं बरोबर निघालं. ती पोप पहिले पास्काल यांची आई थिओडोरा. पास्काल ८१७ ते ८२४ या काळात पोप होते. चित्र झालं तेव्हा ती हयात होती, आणि हयात माणसाला चौकोनी प्रभावळ देत. दिवा विझला. आज्जीनं स्वतःच्या कनवटीचं नाणं काढून पेटीत टाकलं, ‘थांबा, त्या म्हातारीला नीट बघू द्या.’

सान क्लेमेन्ते तर माझ्या डोक्यातून जातच नाही. कोलोसियमपासून हाकेच्या अंतरावर. वर बाराव्या शतकाचं चर्च. तिकीट काढून खाली उतरलं की चौथ्या शतकाचं. आणखी खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती, त्यांत रोमन लोक पुजत त्या मिथ्र देवाचं ठाणं, दगडी बाकांसकट. पैठण-तेरला पांढरीत खणलं की सातवाहनांची खापरं निघतात, हे आम्हाला ठाऊक. पण त्या काळात जिन्यानं उतरून फिरता येतं, हे नवीन. तळाशी पोचल्यावर तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत. पाणी वाहत असल्याचा आवाज. ‘विहीर हाय का?’ विहिरीवाल्या अण्णांनी लगेच विचारलं. भिंतीमागं खरंच पाणी वाहतं. हे सगळं मातीखाली गेलेलं होतं, आणि १८५७ पासून जोसेफ मुलूली या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूंनी खणून काढलं. हे तुम्ही सांगितलंत ते पाण्याचा आवाज ऐकून झाल्यावर.

आणि ती शिवी! मधल्या चर्चमध्ये अकराव्या शतकाच्या अखेरचं भित्तिचित्र आहे. सिसिनियस नावाचा सरदार संत क्लेमेंटला बांधून ओढून न्यायला नोकर पाठवतो, नोकरांची मती फिरते आणि ते संत समजून दगडी खांबच ओढत बसतात. त्या सरदाराच्या तोंडची वाक्यं चित्रातच लिहिलीत, आणि ती लॅटिन नाहीत, बाजारातली बोली आहेत. इटालियन बोलीच्या अगदी जुन्या लिखाणांत हे धरतात. मास्तरांनी निरागसपणे विचारलं, ‘काय लिहिलंय?’ तुम्ही म्हणालात, ‘हे मी मराठीत सांगणार नाही. बैल उधळल्यावर तुम्ही जे म्हणता तेच आहे.’ चर्चमध्ये इतका मोठ्यानं हसलेला जथा तिथल्या राखणदारानं बहुधा पाहिला नसेल. बिचारा धावत आला.

आता कॅटाकोम्ब, म्हणजे जमिनीखाली खणलेले जुने बोगदे. सान कॅलिस्तोला तिथल्याच गाइडबरोबर उतरावं लागतं, म्हणून तुम्ही आम्हाला वर सायप्रसच्या झाडांखाली बसवून सगळं आधी समजावलंत. सिनेमातून डोक्यात बसलेलं की ख्रिस्ती लोक इथं लपून राहत. तुम्ही अण्णांना विचारलंत, ‘तुम्ही आयुष्यभर विहिरी खोदल्या. अशा बोगद्यात हजार माणसं महिनाभर राहतील?’ अण्णा म्हणाले, ‘दिव्याच्या धुरानंच मरतील. आणि माती बाहेर टाकताना साऱ्या गावाला दिसंल.’ तेवढ्यात निकाल लागला. हे कबरस्तान होतं. रोमच्या बारा पाटांच्या कायद्यानं शहराच्या आत पुरायला बंदी, म्हणून सगळ्याच धर्मांच्या कबरी वेशीबाहेर हमरस्त्यांच्या कडेला. जागा सरकारला माहीत होती. इतकी माहीत, की २५८ साली सम्राट व्हॅलेरियनच्या शिपायांनी पोप दुसरे सिक्स्टस यांना कबरस्तानातल्या सभेतच धरलं आणि मारलं.

खाली उतरल्यावर थंडावा, वीस किलोमीटरच्या आसपास बोगदे, चार मजले, भिंतीभर आडवे कप्पे. गाइड चांगला होता, पण तो पोपांच्या दालनाकडे निघाला आणि अण्णा मागंच राहिले. छताकडं बघत, भिंतीवरून बोटं न लावता हात फिरवत. मी ओढायला गेलो तर तुम्ही मला थांबवलंत. मग अण्णा बोलले, ‘वरच्या कबरी जुन्या हायत, खालच्या नव्या. टिकावाचे घाव बघा. वर एका हाताचे, खाली दुसऱ्या हाताचे. जागा संपली तशी जमीन खाली नेली.’ तुम्ही ते गाइडला इटालियनमध्ये सांगितलंत. तो परत आला आणि त्यानं अण्णांचा हात हातात घेतला. बऱ्याच बोगद्यांत खरंच तसंच आहे. तिथला दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा तुफा. खणताना मऊ, हवा लागली की कडक होतो. बाजूला खणायला जागा नसली की तळ उतरवायचा, म्हणून सगळ्यात जुनं माणूस छताजवळ. खणणाऱ्यांना फोसोर म्हणत. त्यांची चित्रंही काही कबरस्तानांत आहेत, खांद्यावर टिकाव घेतलेली.

सिस्टर, कैलास लेणंही वरून खाली खोदलंय. मी हे वाक्य रोज म्हणतो. पण म्हणताना तोंडात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला असतो, टिकाव नसतो. त्या दिवशी मला खोदणारा दिसला, आणि तो दाखवला वैजापूर तालुक्यातल्या विहिरीवाल्यानं. तुम्ही त्याला बोलायला जागा दिलीत. मी दिली नसती. मी घड्याळ पाहिलं असतं.

पोपांच्या दालनाबद्दल थोडक्यात. तिसऱ्या शतकातले नऊ पोप तिथं पुरले होते. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाला १८४९ साली एका द्राक्षमळ्यात संगमरवराचा तुटका तुकडा सापडला, त्यावर अर्धं नाव आणि ‘मार्टिर’. हे हुतात्मा पोप कॉर्नेलियसचं असणार असं त्यानं ओळखलं, पोप नववे पायस यांना मळा विकत घ्यायला लावला, आणि पुढं १८५४ साली हे दालन उघडलं. तिथं पोप दमासस यांचा शिलालेख आहे. आपल्यालाही इथंच देह ठेवायचा होता, पण संतांची राख ढवळायची भीती वाटली, असं ते चौथ्या शतकात लिहून गेलेत. तुम्ही तो दोनदा सांगितलात, दुसऱ्यांदा आज्जीनं मागितलं म्हणून.

बोझिओची गोष्ट मात्र मी उचलली, हे कबूल करतो. १५९३ पासून हा माणूस विसरलेल्या कॅटाकोम्बांत शिरत राहिला आणि भिंतींवर स्वतःचं नाव लिहीत गेला. आमच्याकडं अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं तेच केलं. दोघांची नावं एका दमात सांगितली की आता माझे पाहुणे हसतात, आणि पोरांचे खिशातले पेन खिशातच राहतात. त्याच लेण्यात दुसरीही गोष्ट सांगतो. नवव्या-दहाव्या लेण्यांत मुळात पूजेला स्तूप आहे, बुद्धाची मूर्ती नंतरची. रोमलाही सुरुवातीच्या कबरींवर क्रूस जवळपास दिसत नाही. मासा, जहाजाचा नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. तुम्ही अप्पियन रस्त्यावर बसची वाट बघताना हे बोलून गेलात, तुमच्या लक्षातही नसेल.

वेरूळच्या अकराव्या लेण्याला ‘दोन ताल’, म्हणजे दोनमजली, म्हणतात. आता मी नाव सांगून मोकळा होत नाही. बाहेर उभं करून मजले मोजायला लावतो. तीन भरतात. लोक माझ्याकडं बघतात, नावाची पाटी बघतात, पुन्हा मोजतात. मग सांगतो की तळमजला गाळात बुजला होता, तो १८७६ साली सापडला, नाव मात्र जुनंच राहिलं. नाशिकच्या एका शाळेतली पोरं यावरून आपसांत भांडली. माझ्या इतक्या वर्षांत अकराव्या लेण्यावरून कुणी भांडलं नव्हतं.

मास्तरांनी आणखी एक खूळ घेतलंय, त्याला जबाबदार तुम्हीच. जालन्याजवळच्या बेथेलला पायी फिरवायचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव. ते १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावर तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ झाला, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. हे लोकांना कुठं उभं करून सांगायचं, आणि सांगण्याआधी काय बघायला लावायचं, यावर मास्तरांची आणि माझी रोज संध्याकाळी खडाजंगी चालते. मास्तर प्रोटेस्टंटांच्या गावात कॅथलिकांनी का शिरायचं असंही मधूनच स्वतःला विचारतात, आणि स्वतःच उत्तर देतात की सिस्टरांनी आपल्याला मिथ्राच्या ठाण्यात नेलं, मग बेथेल काय लांब.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. शेंगदाण्याची चटणी तेवढी घेतलीत, आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी बघून मात्र तुमचे डोळे भरले होते. तुम्ही ऊन लागतंय म्हणालात, मी मान डोलावली. पीठ संपलं असेल. मास्तरांच्या ओळखीचे फादर जानेवारीत तिकडं येताहेत, त्यांच्या सामानात जागा सांगून ठेवलीय. दगडी ज्वारीचं देऊ की मालदांडीचं, तेवढं कळवा.

आणि सुट्टीवर घरी याल तेव्हा वेरूळला यायचं. अण्णाही येणार आहेत, कैलासाच्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव त्यांना बघायचेत. आज्ज्यांना जिने होणार नाहीत, त्यांना विश्वकर्मा लेण्यापाशी बसवू. तिथं दगडात कोरलेल्या लाकडासारख्या फासळ्या त्या निवांत मोजतील. फक्त मंगळवार सोडून या, मंगळवारी वेरूळ बंद असतं.

तुमचा,
वेरूळचा गाइड